तोंडातली सुपारी

चारुशीलाताईंना बोलायचा आग्रह कधी कुणाला करावा लागला नाही. अडचण असे ती त्यांना थांबवायची.

शहराबाहेरच्या वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागच्या भाड्याच्या खोल्यांत, त्यांची संस्था बायकांसाठी काम करी. बहात्तर साली ताई दर गुरुवारी तिथे बसने जात. समाजकार्याच्या कॉलेजातला एक नेम त्यांनी सोडला नव्हता. परतताना स्वतःला विचारायचं: आज काय झालं, का झालं, आणि त्यात माझं काय चुकलं? पहिल्या दोन प्रश्नांवर त्या भरभरून विचार करत. तिसऱ्यावर येईपर्यंत नेमका उतरायचा स्टॉप येई.

वस्तीत त्यांनी शिवणवर्ग काढला होता. मशीन आलं, पण बायका फिरकल्या नाहीत. संस्थेने बजावलं, पुढच्या आठवड्यातही हेच असेल तर मशीन परत आणि वाडीचं कामच बंद. ताईंचा जीव त्या वस्तीत गुंतला होता. त्या संध्याकाळी विचारांच्या नादात त्यांचा स्टॉप चुकला आणि तिसरा प्रश्न अखेर समोर आला. मग आठवलं. "तुम्हाला काय हवं?" असं आपण विचारलं होतं खरं, पण बायकांनी तोंड उघडायच्या आत "शिवणवर्गच ना?" हेही आपणच म्हणालो होतो. ताईंना भर बसमध्ये स्वतःचंच हसू आलं, आणि लाजही वाटली.

पुढच्या गुरुवारी त्यांनी दारोदार जाऊन बायकांना गोळा केलं, तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि झटकन सुपारीचं मोठं खांड गालात ठेवलं. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एकीने दात दुखतो का म्हणून चौकशी केली. ताईंनी नुसती मान हलवली. इतकं अवघड काम त्यांनी आजवर केलं नव्हतं.

शेवटी त्यांच्यातली रंभाबाई बोलली. "मशीन कोणाले पाहिजे होती, ताई? ट्रकवाले दारापर्यंत ट्रक मागं घेऊन राहिले. लेकराईले खेळाले जागा नाही. पण तुम्ही येवढ्या खुश होत्या, नाही म्हणाले जीवच झाला नाही."

मग सगळ्याच बोलू लागल्या. गोदामाच्या मालकाला भेटायला कोणी जायचं, तेही ठरू लागलं. ताईंना त्यावर एक झकास उपाय सुचला. त्यांनी बोट वर केलं, तोंड उघडलं.

रंभाबाईने कमरेची चंची सोडली आणि आणखी एक खांड त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"हे बी घ्या, ताई. आमचं अजून संपलं नाही."