उन्हात घातलेली रेकॉर्ड

आमच्या बँडची दुसरी रेकॉर्ड पहिलीनंतर आठ वर्षांनी निघाली, आणि त्या आठ वर्षांत ‘दुसरी कधी?’ असं सोलापुरातल्या एकाही माणसानं आम्हाला विचारलं नाही.

बँडचं नाव ‘द ड्राय क्लाउड्स’. नाव मीच ठेवलं होतं. सोलापुरात ढग येतात, बघतात आणि निघून जातात, म्हणून. आम्ही तिघं होतो. गिटार आणि गळा व्यंकटेशचा. त्याच्या वडिलांचा, नरसय्याअण्णांचा, चादरींचा कारखाना होता. जाड तारांची गिटार गफूरकडे. हा रेल्वेत पार्सल ऑफिसात कारकून. आणि ड्रम माझे. दिवसा मी शाळेत सातवीला शास्त्र शिकवायचो. (पुढं जे झालं त्यात या शास्त्राचा मोठा हात आहे.)

बँड मोडला तो भांडून नव्हे. भांडून मोडला असता तर निदान चार लोकांत नाव तरी झालं असतं! व्यंकटेशचं लग्न झालं, गफूर रेल्वेत लागला आणि मला बी.एड.ला प्रवेश मिळाला, बस्स. पण शहात्तरच्या सुरुवातीला तिघांनाही एकदमच खाज सुटली. कोणत्याही कंपनीनं आम्हाला दारात उभं केलं नाही, तेव्हा आम्ही स्वतःच मुंबईला जाऊन चार गाणी ध्वनिमुद्रित केली. गाणी मराठीत होती आणि गिटार इंग्रजीत. तीनशे रेकॉर्डी काढायला टाकल्या. त्या स्टुडिओतल्या माणसाला व्यंकटेशचा आवाज इतका आवडला की तो म्हणाला, “तू इथंच राहा. तुला कामाची कमी पडणार नाही.” माझ्या ड्रमबद्दल तो काही बोलला नाही. मला वाटलं, भारावला असेल.

व्यंकटेशनं घरी येऊन हे सांगितलं. नरसय्याअण्णांनी तोंडातलं पान सावकाश संपवलं आणि म्हणाले, “रविवारी तुझी ती रेकॉर्ड मंगल कार्यालयात लाव. आपली सगळी माणसं मी बोलावतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या तर तू मोकळा, जा मुंबईला. न्हाय वाजवल्या तर सोमवारी सकाळी सातला कारखान्यात बसायचं, ती गिटार कुणाला तरी देऊन टाकायची, आणि पुन्हा ह्या घरात त्या वाजवण्याचं नाव काढायचं न्हाय.”

“टाळ्या वाजवतील, नायना,” व्यंकटेश म्हणाला. (तो वडिलांना नायना म्हणे.) पण म्हणताना त्याचा आवाज असा कापला की त्या आवाजावर मुंबई सोडा, वैरागलासुद्धा कुणी काम दिलं नसतं.

शनिवारी सकाळी गफूर मुंबईच्या गाडीतून खोकं घेऊन उतरला तो तोंड पाडूनच. कुर्डुवाडीला कुणाचा तरी पाण्यानं भरलेला माठ बाकाखाली फुटला होता आणि खोकं नेमकं त्याच बाकाखाली होतं. रेकॉर्डींवरची कागदी पाकिटं चिंब झाली होती आणि मधल्या गोल लेबलांवरची आमची नावं फुगून वर आली होती.

“अब क्या करनेका मास्तर?” गफूरनं विचारलं.

मी हसलो. शास्त्र शिकवणारा माणूस अशा वेळी जसा हसतो तसा. म्हटलं, “पाणी आहे ना? मग बाष्पीभवन! आमच्या गच्चीवर अर्धा तास ऊन दाखवू, लेबलं खडखडीत वाळतील.”

“धूप बहोत है रे.”

“म्हणूनच तर लवकर वाळतील!”

गच्चीवर त्या दिवशी आईच्या कुरडया वाळत होत्या. आई मूळची वैरागकडची आणि वाळवणाच्या बाबतीत तिचा शब्द म्हणजे कोर्टाचा निकाल. मी तिला म्हटलं, “आई, ह्या रेकॉर्डी जरा अर्धा तास वाळव.” तिनं तीनशेच्या तीनशे रेकॉर्डी जुन्या लुगड्यांवर ओळीनं मांडल्या, चारी कोपऱ्यांना दगड ठेवले, कावळे येऊ नयेत म्हणून काठीला काळं फडकं बांधलं. मी खाली येऊन जेवलो. एप्रिलच्या दुपारी सोलापुरात जेवल्यावर जे होतं तेच मला झालं. जाग आली तेव्हा चार वाजले होते.

धावत वर गेलो. आई पदरानं घाम पुसत रेकॉर्डी उलटत होती.

“आई! अजून वाळवतेस?”

“आरं, येका अंगानं वाळवून चालतं व्हय? मी दोनदा उलटल्या की. आता बघ, कडा कशा मस्त वळल्यात! कडा वळल्या म्हंजी वाळत आल्या. आजून घंटाभर ऱ्हाऊ दे.”

कडा वळल्या होत्या हे खरं होतं. तीनशे रेकॉर्डींच्या तीनशे वाट्या झाल्या होत्या. काहींत आमटी वाढता आली असती, काही इतक्या खोल की त्यांत दही लागलं असतं. आईवर रागवायचीही सोय नव्हती, तिनं मी सांगितलेलंच काम माझ्यापेक्षा जास्त मन लावून केलं होतं. (सातवीतली मुलं मला उष्णतेचे परिणाम सांगतात, आणि चुकलं की मी त्यांना बाकावर उभं करतो!)

व्यंकटेश आला, त्यानं एक वाटी उचलली, डोळ्यांपुढं धरली आणि मटकन खाली बसला. “संपलं. सोमवारी सात वाजता,” एवढंच म्हणाला. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की मी लगेच दुसरी कल्पना काढली. तेव्हा मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

“उष्णतेनं वाकलेलं दाबानं सरळ होतं,” मी जाहीर केलं. “तुमच्या कारखान्यात चादरींचे गठ्ठे दाबायचं यंत्र आहे की नाही? रेकॉर्डी अजून गरम आहेत. गरम आहेत तोवरच दाबायच्या!”

“फळ्यांमध्ये घालून?” व्यंकटेशनं विचारलं.

“छे! फळीनं ओरखडे पडतील. मऊ काहीतरी हवं मधे.”

“मऊ म्हणजे?”

“अरे, चादरींच्या कारखान्यात काय मऊ मिळतं?”

नरसय्याअण्णा शनिवारी संध्याकाळी देवळात जात. आम्ही रेकॉर्डी गोधडीत गुंडाळून, पोळ्या गरम राहाव्यात तशा, टांग्यातून कारखान्यात नेल्या. एक चादर, तिच्यावर रेकॉर्डी, मग पुन्हा चादर, असा माणसाच्या उंचीचा ढीग रचला. यंत्राचं चाक तिघांनी मिळून फिरवलं. गफूर तर चाकावर अक्षरशः लटकला. तासाभरानं चाक सैल केलं, वरची चादर उचलली. रेकॉर्ड सपाट! दुसरी सपाट! तिसरी सपाट! व्यंकटेशनं मला मिठी मारली. “मास्तर, तू वाचवलंस रे मला!” मी नम्रपणे म्हणालो, “शास्त्र आहे ते.”

गफूरनं मात्र एक रेकॉर्ड दिव्यापुढं तिरपी धरली आणि तिच्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “मास्तर, ये देखो तो जरा. इसपे चादर उतर गई.”

खरंच उतरली होती. आमच्या जाड सोलापुरी चादरीची वीण, उभा धागा, आडवा धागा, गाण्याच्या खाचांवरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लख्ख उमटली होती. एका रेकॉर्डीवर तर चादरीवरच्या मोराचा अख्खा तुरा आला होता.

“वाजेल?” व्यंकटेशनं विचारलं.

“न वाजायला काय झालं?” मी म्हटलं. वाजवून बघायची सोय नव्हती, कारण रेकॉर्ड प्लेअर तिघांपैकी एकाकडेही नव्हता. (रेकॉर्ड काढणाऱ्या बँडबद्दल याहून जास्त काही सांगायला नको.) प्लेअर रविवारी लाउडस्पीकरवालाच घेऊन येणार होता.

रविवारी संध्याकाळी कार्यालय भरलं. मागावर काम करणारी माणसं, त्यांच्या बायका, शेजारीपाजारी. पहिल्या रांगेत मधोमध नरसय्याअण्णा, पांढरंशुभ्र धोतर, हातांची घट्ट घडी. ती घडी बघूनच व्यंकटेशला घाम फुटला. लाउडस्पीकरवाल्यानं रेकॉर्डीवर सुई ठेवली.

खटाक्-खट्, खटाक्-खट्, खटाक्-खट्!

गाणं कुठंतरी मागं होतं. व्यंकटेशचा आवाज होता, गफूरची गिटार असावी असा संशय येत होता, पण पुढं सगळ्यांच्या डोक्यावर बसून दणदणत होती ती चादरीची वीण. प्रत्येक फेऱ्याला सुई त्या धाग्यांवरून उड्या मारत होती, आणि फेरा ठरलेला असल्यामुळं उडीही ठरलेली. हुबेहूब माग चालल्यासारखं! माझे ड्रम तर ऐकूच येत नव्हते. व्यंकटेशनं डोळे मिटून घेतले. मी दाराकडे पाहिलं, मधे किती खुर्च्या आहेत ते मोजलं.

आणि तिसऱ्या रांगेतल्या एका माणसाचा पाय हलायला लागला. मग शेजारच्याचा. मग अख्ख्या रांगेचा! जन्मभर ज्या ठोक्यावर यांचे हातपाय चालले, तोच ठोका गाण्यात घालून कुणी लाउडस्पीकरवर लावला होता. एक बाई शेजारणीला म्हणाली, “अगं, हे आपल्या कारखान्यातलंच की!” गाणं संपलं आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की लाउडस्पीकरवाला दचकून सुई हातात घेऊन उभा राहिला.

नरसय्याअण्णांनी हातांची घडी सोडली होती. ते सावकाश उठले. “गाण्यातलं मला कळत न्हाय,” ते म्हणाले. “पण तो ठोका! तीस वर्षं माग चालवतोय. माणसाच्या हातून इतका एकसारखा ठोका कधी ऐकला न्हाय. कोण हाय तो वाजवणारा?”

गफूरला अचानक खोकला आला. व्यंकटेश जमिनीकडे बघत राहिला. खरं सांगायची संधी होती. मी पुढं झालो, हात जोडले आणि म्हणालो, “मीच.”

“वा मास्तर! मग आता आमच्यासमोर वाजवा.”

ड्रम कोपऱ्यात मांडलेलेच होते. आम्ही तेच गाणं सुरू केलं. पहिल्या ओळीला मी व्यंकटेशच्या पुढं होतो, दुसरीला मागं, आणि तिसरीला आमची गाठ पडलीच नाही. तिसऱ्या रांगेतले पाय एकेक करून थांबले. मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, त्याला उठवा! रेकॉर्डवाल्याला बसवा!” नरसय्याअण्णांनी हात वर केला. मी थांबलो. (सगळे म्हणतात, त्या दिवशी तेवढंच मी अगदी तालात केलं.)

ते व्यंकटेशकडे वळले. “टाळ्या पडल्या. शब्द तो शब्द. जा तू मुंबईला. गिटारही ने.” व्यंकटेश त्यांच्या पाया पडायला वाकला, तसा त्यांनी त्याला मधेच धरला. “पण एक ऐक. ह्या मास्तरला संगं न्यायचं न्हाय. रेकॉर्डीवर वाजवतो तो माणूस कुठं असंल तिथून शोधून काढ, आणि त्याला ने!”

व्यंकटेश त्याच आठवड्यात मुंबईला गेला आणि तिथं त्याचं छान चाललं. तो माणूस मात्र त्याला मिळाला नाही. मिळणार कसा? त्याला मी दुसऱ्याच दिवशी नरसय्याअण्णांच्या कारखान्यातून घरी आणला होता. जाड वीण, पक्का रंग, मोराच्या तुऱ्यासकट. इतकी वर्षं झाली, मी अजून त्यालाच पांघरून झोपतो, आणि बायको म्हणते, झोपेत तुमचं घोरणं तेवढं तालात असतं.