"हं" कुणी कापलं?

मस्कतमधल्या मत्रहच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, अत्तरं विकणाऱ्या रत्नागिरीकडच्या त्या चाचांचं नाव मी मुद्दाम देत नाही. त्यांच्या आईचं नाव लिहून घ्यायचीही लोककथा गोळा करणाऱ्या त्या संस्थेला गरज वाटली नव्हती.

चाचा लहान असताना संस्थेची माणसं त्यांच्या गावात आली, आईच्या गोष्टी टेपवर घेऊन गेली आणि कपाटात बंद करून बसली. मुलाने मागितल्या तर उत्तर काय, "फक्त अभ्यासकांसाठी." गोष्टी काय यांच्या बापाच्या? आम्ही काही जणांनी भांडून सीडी मिळवली, आणि सुट्टीहून परतताना मी ती मस्कतला आणली.

चाचांनी ती दुकानातच लावली. आई एक वाक्य बोलायची, मग नुसती शांतता. थोडा वेळ ऐकून त्यांनी विचारलं, "माझं हं कुठं गेलं?"

"कसलं हं, चाचा?"

"दर वाक्याला मी हं म्हणायचो. नाय म्हटलं तर अम्मा गोष्ट थांबवायची. झोपलास काय रे मेल्या, म्हणायची. मग हितं ती सांगते कोणाला?"

सीडीच्या पाकिटावर छापलं होतं, 'अनावश्यक आवाज काढलेली स्वच्छ प्रत.' ऐकणारं पोर कापून टाकायचं आणि म्हणे गोष्ट जपली. याला मी चोरीच म्हणतो. "मूळ टेप आणल्याशिवाय सोडणार नाही त्यांना," मी तणतणलो.

"आण, इन्शाल्ला. आता गप बस."

त्यांनी गोष्ट पहिल्यापासून लावली. आई एक वाक्य बोलून थांबली.

पांढऱ्या दाढीचे चाचा म्हणाले, "हं."