पाण्याची तिथी

गोमा तांडेल पंचांग पाहत नसत. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, बेटाकडे जाणाऱ्या आपल्या होडीशेजारी, ते घोटाभर पाण्यात क्षणभर स्तब्ध उभे राहत. आदल्या भरतीने वाळूवर सोडलेली रेघ नजरेने मोजत, वाकून ओंजळीतले पाणी कपाळाला लावत आणि त्या दिवसाची तिथी मोठ्याने सांगत. ऐकायला कोणी असो वा नसो. सहलीला आलेली मंडळी हसत. पहिल्या दिवशी मीही हसलो होतो, आणि त्या हसण्याची लाज मला अद्याप वाटते.

चाळीस वर्षे संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो आणि पत्नी सुमतीसह सोलापूर सोडून मुलाकडे, वसईच्या एव्हरशाईन सिटीत, राहायला आलो. नव्या गावाची ओळख देवदर्शनाने व्हावी अशी माझी श्रद्धा. तुंगारेश्वर झाले, निर्मळचे तळे झाले, जीवदानीच्या पायऱ्या झाल्या. राहिली होती ती अर्नाळ्याच्या बेटावरची कालिका. तिच्या दर्शनाला निघालो त्या दिवशी होडीत बसताना एका सहप्रवाशाने तिथी विचारली. मी बोटांवर मोजून, अधिकारवाणीने, "पंचमी" म्हणालो.

"पंचमी उद्या, गुरुजी," सुकाणूशी बसलेले सावळे, सडपातळ गोमा तांडेल म्हणाले. "आज चौथच हाय. काल बी चौथ, आज बी चौथ."

"एकच तिथी दोन दिवस कशी असेल?"

"ते मला काय ठावं? दर्याला इचारा. आज तीनला पानी भरनार. पंचमीचं पावनेचारला भरतं."

घरी येऊन मी पंचांग उघडले. त्या पक्षात चतुर्थीची वृद्धी झाली होती. सलग दोन सूर्योदयांना चतुर्थीच होती. जन्मभर पंचांग हाताळलेल्या माणसाने ते न उघडता उत्तर दिले होते, आणि ज्याने ते कधी उघडले नव्हते त्याने माझी चूक दाखवली होती.

पुढच्या खेपेस मी चूक कबूल केली, तेव्हा त्यांनी उलट माझीच बाजू घेतली. "तुमची कसली चूक? तुमचा कागद घरी राहिला. माजा बगा कसा पुढ्यात पसरलाय." मग त्यांनी मला कोळ्यांचा हिशेब सांगितला. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मला तिथी ठाऊक होती ती उपवासाची, श्राद्धाची, व्रताची. तीच तिथी माणसांनी भरलेली होडी खालून उचलून धरते, हे मला सत्तरीला टेकल्यावर कळले.

त्यानंतर मी महिन्यातून एकदा तरी बेटावर जाऊ लागलो. देवीसाठी, आणि खरे सांगायचे तर तांडेलांसाठीही. बेटावरच्या लोकांचे सारे काही त्यांच्या होडीतून जाई: गॅसचे सिलिंडर, शाळेच्या बाई, बर्फाच्या लाद्या, नवरीमुलगी. होडीत चप्पल घालून कोणी चढलेले त्यांना खपत नसे. "तुमी देवळात घालता काय? मंग ह्यात कशाला?" इतकेच म्हणत. एकदा एक तरुण स्वतःचे छायाचित्र काढण्यासाठी होडीच्या काठावर उभा राहिला. तांडेल शांतपणे म्हणाले, "खाली बस रे बाला. दर्याला तुजा फोटू नको हाय, त्याला तूच पायजेल." तो तरुण असा बसला की उतरेपर्यंत उठला नाही.

त्यांचे बोलणे असे मोजके असले तरी त्यात उपहास नसे. त्यांच्यापाशी धीर होता. कोणाला घाई असली की म्हणत, "तुमी घाई करा, मी नको बोलत नाय. पान्याला मात्र सांगू नका, त्याला राग येतो."

आता सुमतीविषयी लिहिले पाहिजे, कारण तांडेल मला पुरते कळले ते तिच्यामुळे.

आमच्या नातीच्या जन्माच्या वेळी सुनेचा जीव धोक्यात आला होता. तेव्हा सुमतीने बेटावरच्या कालिकेला नवस बोलला: सारे सुखरूप झाले तर स्वतःच्या पायांनी येऊन ओटी भरीन. सारे सुखरूप झाले. परंतु आज जाऊ, उद्या जाऊ करता करता वर्षे गेली. तिचे गुडघे पार निकामी झाले, पुढे हृदयही क्षीण झाले. एका मार्गशीर्षात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की थोड्याच दिवसांत घराबाहेर पडणेही बंद करावे लागेल. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, मला मरणाचं भय नाही. पण ही ओटी देऊन टाकते, मग काय व्हायचं ते होऊ दे."

अडचण पाण्याची होती. भरती नसली की होडी किनाऱ्यापासून दूर उभी राहते आणि गुडघाभर पाण्यातून, निसरड्या चिखलातून तिच्यापर्यंत जावे लागते. ते सुमतीच्या शक्तीबाहेरचे होते. आणि उचलून नेणे तिला मान्य नव्हते, कारण नवस पायांनी जाण्याचा होता.

मी मुहूर्त काढला. शुद्ध सप्तमी, मध्यान्हीचा अभिजित मुहूर्त, नक्षत्र अनुकूल. तांडेलांना दूरध्वनीवरून कळवले.

"गुरुजी, सातमीला दुपारी सुकती हाय. पानी पार आत जातं. बायला कसं जमंल?"

"दिवस फार उत्तम आहे, तांडेल. देवी मार्ग काढील."

"बरं," ते म्हणाले. "या. मी हाय."

सप्तमीला आम्ही किनाऱ्यावर पोचलो तेव्हा समुद्र दूर कुठेतरी होता. मध्ये चकाकणारा चिखल, त्यापुढे उथळ पाणी आणि त्यात तांडेलांची होडी. सुमती खण-नारळ उराशी धरून कितीतरी वेळ उभी राहिली. तिने एक पाऊल टाकले. ते घोट्यापर्यंत रुतले, आणि तिचा तोल जाता जाता मुलाने सावरला. तांडेल चिखल तुडवत धावत आले. "देवी मार्ग काढील" असे म्हणणाऱ्या मला ते एक शब्दही बोलले नाहीत. सुमतीला मात्र म्हणाले, "बाय, आज दर्या घरी नाय. आपन तो घरी आसल तवा येऊ."

परतताना रिक्षात ती मला म्हणाली, "तुमच्या पंचांगात माझे गुडघे कुठल्या पानावर आहेत हो?" ती हसत होती, पण मांडीवरचा नारळ तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

त्याच रात्री जेवणापूर्वी तांडेलांचा निरोप आला: पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास मोठी भरती असते, होडी कोरड्या वाळूला लागते, त्या दिवशी या. मी पंचांग पाहिले. पौर्णिमेला दुपारी दीडपर्यंत भद्रा होती. भद्रेत शुभकार्य करू नये, हे मी शेकडो लोकांना सांगत आलो होतो. मी त्यांना तसे कळवले.

"भद्रा दीडला सुटनार?" त्यांनी विचारले. "दीडला पानी मागं फिरलेलं आसतं. आन म्हातारपनात येक पुनव हुकली तं दुसरी कोनी बघितलीय? गुरुजी, मी अडानी. तुमीच सांगा, आयच्या दारात जायला लेकीला भद्रा आडवते काय?"

सुमतीने माझ्या हातातून फोन घेतला. "तांडेलदादा, मी येते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भद्रा सूर्याची लेकच ना? तुम्हीच सांगितलंत. मग तीही येईल माझ्याबरोबर ओटी भरायला."

दत्तजयंतीचा तो दिवस. किनाऱ्यावर गर्दी उसळली होती. तरीही तांडेलांनी अकरापासून होडी रिकामी धरून ठेवली होती. "आदी बाय," एवढेच ते इतरांना सांगत होते. बाराला समुद्र खरोखरच घरी होता. होडीचे तोंड कोरड्या वाळूवर टेकले होते, आणि तिच्यात चढण्यासाठी तांडेलांनी घरची दोन लाकडी स्टुले मांडली होती. सुमती आपल्या पायांनी चढली. पलीकडेही तशीच उतरली. देवळापर्यंतची वाट तिने चार वेळा थांबून, पण चालत पार केली आणि देवीची ओटी भरली. मी मागे हात जोडून उभा होतो. भद्रा चालू होती, आणि माझ्या मनात संकल्पाचा एकही शब्द उमटत नव्हता. अजून फक्त तिची पावलेच मोजली जात होती.

ती देवीसमोर बसली ती उठेना. तासाहून अधिक वेळ गेला. मी अस्वस्थ होऊन बाहेर आलो, तर तांडेल किल्ल्याच्या सावलीत शांत बसलेले. पाणी उतरू लागले होते.

"हाक मारू का तिला?" मी विचारले.

"नको," ते म्हणाले. "इतक्या वर्सांचं बोलनं हाय दोघींचं. होऊ द्या."

आम्ही किनाऱ्यावर आलो तेव्हा होडी गुडघाभर पाण्यात उभी होती. तांडेलांच्या पुतण्यांनी खुर्ची आणली. नवस फिटला होता, आता उचलून नेण्यास हरकत नव्हती. सुमतीने खुर्चीकडे पाहिले, मग पाण्याकडे.

"तांडेलदादा, चालत जमेल का मला?"

"वाळू हितं घट हाय. आन पान्यात मानूस हलका होतो, बाय. खांदा धरा."

परपुरुषाला कधी स्पर्शही न केलेल्या माझ्या पत्नीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती समुद्रात शिरली. मी आम्हा तिघांच्याही चपला हातात घेऊन मागून चाललो. अर्ध्या वाटेत ती थांबली. मी घाबरून विचारले, "काय झालं? दुखतंय का?"

"काही नाही हो. दुखत नाहीये. म्हणून उभी राहिले."

होडीतून कोणीतरी ओरडले, "तांडेल, पानी चाललंय!" तांडेलांनी मान न वळवता उत्तर दिले, "जाऊ दे. होडी ढकलू मंग." आणि ती पुरेसे उभी राहीपर्यंत ते हलले नाहीत. पुढे खरोखरच चौघांना होडी ढकलावी लागली.

चैत्रात सुमती गेली. तेराव्या दिवशी तांडेल इस्त्री केलेला पांढरा सदरा घालून आमच्या सातव्या मजल्यावर आले, पाणीही न पिता बराच वेळ बसले. निघताना म्हणाले, "बायनं कायबी बाकी ठेवलं नाय, गुरुजी. तसं सगल्यांना जमत नाय." गेल्या वर्षी ते स्वतः गेले. त्यांच्या घरच्यांनी मला तिथी कळवली. मी पंचांग पाहून खात्री केली नाही.

लोक अजूनही माझ्याकडे मुहूर्त विचारायला येतात. परवा जूचंद्रचे एक दांपत्य नव्या सदनिकेच्या गृहप्रवेशासाठी आले होते. मी पंचांग हाती घेतले, पण उघडण्यापूर्वी विचारले, "घरात वृद्ध कोण आहे?"

"आई आहेत. पायाने अधू."

"कितवा मजला?"

"सहावा."

"लिफ्ट सुरू झाली?"

"बिल्डर पुढच्या महिन्यात म्हणतोय, गुरुजी. पण दिवस तर याच महिन्यात चांगले आहेत ना?"

"पुढच्या महिन्यात या," मी म्हणालो. "तेव्हा पाहू."