फहदने घासलेलं टोक

मोहियुद्दीनच्या हातात लाकूड आलं की त्याला जेवणाची शुद्ध राहत नसे. रत्नागिरीकडे होड्या बांधणारा हा माणूस रियाधला, अल सुलैमधल्या आमच्या शेडमध्ये, अवकाशयानं घडवायचा. पूर्वी यानाचा आकार ठरवताना शास्त्रज्ञ छोटी मॉडेलं बोगद्यात टांगून त्यांच्यावर वारा सोडत. त्यांच्या नकला एका विज्ञान प्रदर्शनाला हव्या होत्या. पहिलं मॉडेल टोकदार होतं आणि त्या टोकावर मोहियुद्दीनने पंधरवडा घालवला.

तेवढ्यात सौदीकरण आलं. आता कारागीर सौदीच हवा, नाहीतर मोहियुद्दीनचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, खलास. म्हणजे अरवाचं, त्याच्या लेकीचं, दहावीचं वर्ष मध्येच तुटणार. कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर आमचे परवाने होते त्या मालकाने, तोडगा काढला: आपला भाचा फहद कागदोपत्री कारागीर, मोहियुद्दीन चहावाला. फहद भला पोरगा. पण त्याने जन्मात पेन्सिललाही टोक काढलं नसावं.

एका सकाळी कामगार खात्याचा इन्स्पेक्टर आला. फहदने घाबरून पॉलिश पेपर उचलला आणि हाताला लागलं ते घासायला घेतलं. हाताला लागलं ते टोक! इन्स्पेक्टर निवांत बसला, दुसरा चहा मागितला. थांबायचं कधी ते न कळल्यामुळे फहद घासतच राहिला. मोहियुद्दीन पेल्यांत चहा ओतत राहिला. चहावाला कारागिराला थांब कसं म्हणणार?

"माशाल्ला, मेहनती मुलगा," म्हणत इन्स्पेक्टर खूश होऊन गेला. टोकाच्या जागी पालथी वाटी उरली होती.

"मेल्यानं सगला घासलान रे!" मोहियुद्दीनने ट्रे ठेवला आणि त्या वाटीवरून हात फिरवला.

दुपारी प्रदर्शनाचे तज्ज्ञ आले. आता आपली सगळ्यांचीच पाठवणी, असं मी धरून चाललो होतो. पण ते महाशय मॉडेलभोवती अक्षरशः नाचायला लागले! म्हणे, टोकदार यान परतताना जळतं, बोथट टिकतं, हेच तर शास्त्रज्ञांना तेव्हा उमगलं. ज्याला हे सुचलं त्याचं नाव पाटीवर घाला. पाटीवर फहदचं नाव गेलं. मोहियुद्दीनचा इकामा चहावाला म्हणून पुन्हा झाला.

उद्घाटनाला आम्ही घरच्यांना घेऊन गेलो. काचेच्या बोगद्यात वारा सुटला, वारा दिसावा म्हणून सोडलेला धूर त्या यानावरून दोन्ही बाजूंना वाहू लागला. अरवा डोळे विस्फारून बघत होती.

"अब्बू, किसने बनाया ये?"

इन्स्पेक्टर पाहुणा म्हणून शेजारीच उभा होता.

"फहदभाईंनी," मोहियुद्दीन म्हणाला.

"वॉव! एक फोटो!" तिने मोबाईल बापाच्या हातात कोंबला आणि फहदशेजारी जाऊन उभी राहिली. फहदची मान वर होईना.

"अब्बू, थोडा पीछे जाओ ना, मॉडेल कट हो रहा है."

मोहियुद्दीन मागे सरकला.