रागावलेली आणि वाट बघणारी

मी नववीत असताना वडील घर सोडून गोरेगावात दुसऱ्या बाईकडे राहायला गेले. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा तिने त्यांना आमच्या मुलुंडच्या चाळीत आणून सोडलं. आई एवढंच म्हणाली, "तूच ठरव गो बाय. घर आता तुझ्यावर चालता."

मी शाळेत शिकवत होते. त्या आठवड्यापासून वर्गात उभी राहिले की घसा बंद व्हायचा. डॉक्टरांना काही सापडेना. त्यांनी घाटकोपरच्या एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. "वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाक?" आई म्हणाली. मी गेलेच.

बाईंनी विचारलं, "वडिलांना ठेवायचंय का?"

"हो. आणि अजिबात नाही. मला कळतच नाही माझं."

"दोन्ही खरं आहे. तुझ्यात दोघी आहेत, एकदम बोलतात म्हणून ऐकू येत नाही. या खुर्चीत फक्त रागावलेलीला बसू दे."

मला हसू आलं. पण बसले, आणि आवाज फुटला. "आई लोकांची भांडी घासत होती, तेव्हा कुठे होतात?" बरंच काही बोलले.

मग बाईंनी दुसरी खुर्ची दाखवली. तिथे जाऊन बसले. आवाज आला तो बारीक, शाळकरी मुलीचा. "बाबा, मी रोज गॅलरीत उभी राहायचे."

"आता रागावलेलीला विचार, एवढी का ओरडतेस?"

मी परत पहिल्या खुर्चीत बसले. उत्तर आपसूक आलं. "मी गप्प बसले तर ही पोरगी पुन्हा वाट बघत बसेल."

स्वतःच्या रागाची मला लाज वाटायची. तो तर त्या पोरीची राखण करत होता.

घरी येऊन मी वडिलांसमोर बसले. "राहा. औषधपाणी मी बघेन. पण आईवर हुकूम चालणार नाही. आणि मी माफ केलंय असं समजू नका."

त्यांचं तोंड वाकडं झालं होतं, शब्द उमटत नव्हते. त्यांनी होकाराची मान हलवली. त्या संध्याकाळी आईने आधी स्वतःचं ताट वाढून घेतलं.

वर्गातला आवाज हळूहळू परत आला. वडील शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिले. कधी त्यांना भरवताना माझ्यातल्या त्या दोघी पुन्हा एकदम बोलायला लागायच्या. मग मी चमचा ठेवून गॅलरीत जायचे, दोघींचं ऐकून घ्यायचे आणि आत येऊन उरलेला भात भरवायचे.