दादूमामांना शाळेपर्यंत नेताना

“मॅडम, पुराचं आम्हाला शिकवायला आलाय व्हय?”

सरपंच दिनकरराव मोठ्यानं बोलले आणि ग्रामपंचायतीच्या हॉलमधले पंचवीस-तीस जण हसले. मीही हसले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. नेमकं तेव्हाच लोडशेडिंग सुरू झालं आणि भिंतीवरची माझी स्लाइड गेली. तिच्यावर ‘हवामान बदल आणि अनुकूलन’ असं लिहिलं होतं.

गाव नदीकाठचं, कोल्हापूरहून गगनबावड्याकडे जाताना लागणारं. आदल्या पावसाळ्यात मोठा पूर येऊन गेला होता आणि अर्धं गाव पाण्यात होतं. मी तेव्हा एका प्रशिक्षण संस्थेत नोकरी करत होते. ग्रामपंचायतींचा पुराचा आराखडा त्यांच्याकडूनच करून घ्यायचा, हे आमचं काम. तीन दिवस प्रशिक्षण, आणि मग पावसाआधी एक मॉक ड्रिल. मॉक ड्रिल म्हणजे पूर आलाय असं समजून केलेला सराव.

‘अनुकूलन’ हा शब्द सुरुवातीला मलाही जड गेला होता. अर्थ साधा आहे. पाऊस आता जुन्या सवयीनं पडत नाही, तेव्हा आपण आपल्या सवयी बदलायच्या. घर कुठं बांधायचं, धान्य किती उंच ठेवायचं, गाव कधी सोडायचं, हे सगळं त्यात येतं. दिनकररावांना मी हे एवढंच सांगितलं.

“हे आधी सांगायचं की,” ते म्हणाले. “ते भिंतीवरचं कशाला?”

लाइट नव्हतीच. आम्ही सगळे बाहेर पटांगणात आलो. बायकांनी रांगोळीनं गावाचा नकाशा काढला. नदी, घाट, तालीम, दूधडेअरी, खालच्या अंगाला बौद्धवस्ती, वर टेकावर शाळा. पाणी कुठून शिरतं, ते पुरुषांनी काठीनं दाखवलं. गगनबावड्याला आज कोसळलेलं पाणी आपल्याकडं उद्या पोचतं, हे तिथं कुणाला शिकवायची गरज नव्हती. घाटाची कितवी पायरी बुडाली की कुठली गल्ली रिकामी करायची, हे दुपारपर्यंत ठरलं. दिवस चांगला गेला, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही यादीवर आलो. आमच्या छापील फॉर्ममध्ये एक रकाना असायचा, ‘असुरक्षित व्यक्ती’. म्हणजे आपल्या पायांनी घराबाहेर पडू न शकणारी माणसं. ग्रामसेवक माने यांनी यादी आणली होती. चार नावं.

“चारच?” मी विचारलं.

“चारच, मॅडम. मी स्वतः फिरलोय.”

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. वय साठीच्या पुढं, डोक्यावर पदर, हातात चिंचोके. आक्काताई कांबळे, पंचायतीच्या सदस्य. दीड दिवसात त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या नकाशाजवळ उकिडव्या बसल्या आणि एकेका घरावर चिंचोका ठेवायला लागल्या.

“हितं रंगूबाई. डोळं गेल्यात. हितं शिंद्यांची सून, दिवस भरत आल्यात, भर पावसात मोकळी हुईल. हितं परटाची म्हातारी. हिचं तर तुम्ही नावच लिवलं न्हाय, ग्रामसेवक. ती परड्यातल्या खोलीत असती.”

मान्यांच्या चार नावांवर त्यांनी आणखी सहा चिंचोके ठेवले. मला कुणीतरी हळूच सांगितलं, की आक्का सुईण आहेत. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायला त्या गावातल्या बहुतेक घरांच्या आतल्या खोलीपर्यंत गेल्या होत्या. दिनकररावांची दोन्ही मुलं त्यांच्याच हातावर झालेली.

आक्का उठायला लागल्या. दिनकरराव नकाशाकडं बघत होते.

“आक्का, तुमचं घर ऱ्हायलं की.”

दिनकररावांनी आक्कांच्या हातातला एक चिंचोका घेतला आणि बौद्धवस्तीच्या अगदी नदीकडच्या घरावर ठेवला.

“दादू,” ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “सहा वर्सं झाली. मी एकदाबी बघायला गेलो न्हाय.”

दादू कांबळे म्हणजे आक्कांचे यजमान. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. ओतकामासाठी वाळूचा साचा करतो तो मोल्डर. गावातल्या किती पोरांना हाताला धरून त्यांनी कामाला लावलं, याची मोजदाद नव्हती. दिनकररावांचा धाकटा भाऊही त्यातलाच. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. मग अर्धांगवायूचा झटका आला आणि ते आडवे झाले. पहिले दोन-तीन महिने लोक भेटायला यायचे, मग येणं थांबलं.

“आक्का, मागच्या पुरात तुम्ही मलकापूरला होता न्हवं, लेकीकडं?” दिनकररावांनी विचारलं.

“न्हाय.”

“मग?”

“घरातच.”

आक्कांनी सांगितलं ते असं.

“बोट आलती. आदी बाया, पोरं, म्हातारी, असं म्हणाले. मला म्हणाले तू चल. ह्यांची कॉट काय बोटीत बसंना. मी म्हटलं, पुढच्या खेपंला दोघंबी येतो. पुढची खेप आलीच न्हाय.” आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल ‘येतो, गेलो’ असंच बोलतात. “कॉटखाली विटा लावल्या. मग पाट्याचा दगड. पाणी कॉटच्या पट्टीला लागलं आन् थांबलं. दोन दिस मी ह्यांचं डोस्कं मांडीवर घिऊन बसलो.”

ती दोघं मलकापूरला गेली, असं कुणीतरी म्हटलं होतं आणि सगळ्यांनी ते खरं धरलं होतं. पूर ओसरल्यावर कुणी विचारलं नाही. आक्कांनीही सांगितलं नाही. पुढं दोन महिन्यांनी त्या निवडून आल्या, तेव्हाही नाही.

त्या दिवशी मला पुढं काही शिकवता आलं नाही. शिकवायची गरजही नव्हती. यादी अकरा नावांची झाली. प्रत्येक नावापुढं उचलून नेणाऱ्या चौघांची नावं लिहिली. आक्कांच्या सांगण्यावरून एक नियम घातला, की आजारी माणसाबरोबर घरातलं एक माणूस त्याच खेपेला जाणार. आणि बोटीची वाट बघायचीच नाही, पाणी पाचव्या पायरीला लागलं की या अकरा जणांना चालत, वाट कोरडी असतानाच हलवायचं.

मॉक ड्रिलची तारीख ठरली तशी आमचे साहेब म्हणाले, “आजारी माणसांना कशाला त्रास देता? डमी वापरा. पोत्यात भुसा भरा.”

“सर, भुशाचं पोतं कॉटवरून पडलं तर कळणार नाही. माणूस पडला तर कळतं.”

“आणि त्याला काही झालं तर?”

“त्यांनाच विचारते.”

मी दादूमामांच्या घरी गेले. कौलारू घर, मातीच्या भिंती, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्या खाली पुराच्या पाण्याची रेघ. मामा आढ्याकडं तोंड करून पडलेले. उजवी बाजू गेलेली, बोलणं जड. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आक्कांकडं बघून काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही.

आक्का हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं.

“म्हणत्यात, भाईर न्यायचं असंल तर आदी दाढी करा.”

ड्रिलच्या दिवशी मामा दाढी करून, धुतलेला सदरा घालून तयार होते. साहेब शाळेच्या पायरीवर घड्याळ घेऊन उभे. मी कॉटबरोबर. ठरलेल्या चौघांतला एक जण कामावर गेला होता, म्हणून एक कोपरा दिनकररावांनी स्वतः धरला. घरापासून शाळेपर्यंत बारा मिनिटं, असं आम्ही आराखड्यात लिहिलं होतं. मी स्वतः चालून मोजली होती.

कॉट दारातून तिरकी करून काढली. उजेडात येताच मामांनी डोळे मिटून घेतले. मग हळूहळू उघडले.

पहिल्याच वळणावर एक बाप्या सायकलवरून उतरला. “मामा!” म्हणत त्यानं मामांचा पाय धरला. कॉट थांबली. दोन घरं पुढं गेलो तर एक म्हातारी वाटीतून साखर घेऊन आली आणि मामांच्या तोंडात चिमूट घातली. तालमीजवळ फाउंड्रीतून रात्रपाळी करून आलेले तिघं उभे होते. त्यांनी कॉट खाली ठेवायला लावली. कट्ट्यावर बसून कुठली भट्टी बंद पडली, कोण रिटायर झालं, सगळं मामांना सांगितलं. मामा डाव्या हातानं खुणा करून विचारत होते, ते सांगत होते. दूधडेअरीपाशी मामांनीच थांबायची खूण केली. डेअरीच्या नव्या इमारतीकडं ते बराच वेळ बघत राहिले.

“हे कवा झालं?” आक्कांनी त्यांचं बोलणं आम्हाला सांगितलं.

“चार वर्सं झाली, मामा,” दिनकरराव म्हणाले. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. घाम होता, असं म्हणायला वाव होता.

मी घड्याळात बघितलं आणि बघणं सोडून दिलं.

शाळेत पोचलो तेव्हा बाकीचे दहा जण कधीच येऊन बसले होते. साहेब तावातावानं पुढं आले. “अहो मॅडम, एक तास दहा मिनिटं! बारा मिनिटांचं अंतर! खरा पूर असता तर?”

मी काही बोलायच्या आत मामा बोलले. या वेळी मलाही कळलं.

“सायेब, चुकी माजी. लई दिसांनी आलतो.”

साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं आणि स्वतः जाऊन मामांसाठी तांब्याभर पाणी आणलं. संध्याकाळी जीपमध्ये अहवाल सांगताना ते म्हणाले, “लिहा. अंदाज बारा मिनिटं. लागलेला वेळ एक तास दहा मिनिटं.”

“कारण काय लिहू, सर?”

ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “लिहा, वाटेत गाव लागलं.”

अहवालात तसंच गेलं. वरून त्याबद्दल कधी विचारणा झाली नाही. बहुधा कुणी वाचला नसावा.

त्या पावसाळ्यात पाणी पुन्हा आलं. पाचवी पायरी सकाळी बुडाली. दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत अकराही जण शाळेत होते. शिंद्यांच्या सुनेच्या कडेवर तोवर दीड महिन्याची मुलगी होती. मामांची कॉट या वेळी कुठं थांबली नाही, तेरा मिनिटांत पोचली. दिनकररावांनी मला फोन करून मिनिटं सांगितली. तिसऱ्या दिवशी आक्कांच्या घराची नदीकडची भिंत पडली. कॉट ठेवायची जागा त्याच भिंतीला लागून होती.

नंतर पंचायतीनं त्यांना टेकाजवळ जागा दिली. मामा आणखी तीन वर्षं होते. त्या तीन वर्षांत दर बाजाराच्या दिवशी चौघं जण त्यांची कॉट तालमीच्या कट्ट्यापाशी आणून ठेवायचे. ग्रामसेवक माने रजिस्टरला त्याची नोंद ‘पूर सराव’ अशी करायचे. सरकारी दप्तरात इतका नियमित सराव झालेलं दुसरं गाव मला तरी माहीत नाही.

पुढं मी बऱ्याच ग्रामपंचायतींना शिकवलं. स्लाइड बदलल्या, प्रोजेक्टर बदलले. पहिला प्रश्न मात्र मी त्यानंतर एकच ठेवला. गेल्या वर्षभरात तुमच्या गावातलं कोण घराबाहेर पडलेलं नाही? पहिल्या दिवशी सगळे म्हणतात, तसं कुणी नाही. दुसऱ्या दिवशी एखादं नाव निघतं. खरी यादी तिसऱ्या दिवशी होते. प्रशिक्षण तीन दिवसांचं कशाला, एका दिवसात उरका, असं ऑफिसमधून दरवर्षी विचारलं जायचं. मी दरवर्षी नाही म्हणायचे.