पाटीवरचं नाव

मालनबाई वाघमारे केज तालुक्यातल्या एका डेअरीत बावीस वर्षं शिपाई आहे. तिची बसायची जागा एकच, मॅनेजरच्या केबिनबाहेरचं लाकडी स्टूल. आतून बेल वाजली की उठायचं, चहापाणी द्यायचं, परत येऊन बसायचं.

गेल्या वर्षी वरून पत्र आलं. नोकरीतल्या बायकांच्या छळाच्या तक्रारींसाठी समिती नेमा, अध्यक्ष बाईच हवी. डेअरीत बायका दोनच. एक ही, दुसरी दुधाची फॅट तपासणारी पौर्णिमा, पंचविशीतली. मॅनेजर विजयसिंहांनी हसत हसत मालनबाईचं नाव घातलं. खाली बाहेरच्या सदस्य म्हणून बीडच्या एका संस्थेतल्या माया ताईंचं नाव आणि फोन नंबर. भिंतीवर पाटी लागली, आणि ती पुसायचं कामही अध्यक्षबाईंकडेच आलं.

हा माणूस काय लायकीचा आहे ते मालनबाईला पक्कं ठाऊक होतं. पौर्णिमाला रजिस्टर घेऊन आत बोलवायचा, दार अर्धवट लोटायचा, आकडे बघता बघता तिच्या पाठीवरून हात फिरवायचा. दोनदा पोरगी पांढरीफटक होऊन बाहेर आली. मालनबाई दोन्ही वेळा स्टुलावर मान खाली घालून बसून राहिली. त्याची तिला आजही लाज वाटते, आणि वाटायलाच हवी.

तिसऱ्यांदा पौर्णिमानं लेखी तक्रार केली आणि पाटीवरचं नाव वाचून थेट मालनबाईच्या हातात दिली. मालनबाईनं त्याच दुपारी माया ताईंना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बेल वाजली. विजयसिंहांनी टाइप केलेला कागद पुढं सरकवला. चौकशी झाली, तक्रार खोटी निघाली, पौर्णिमाला कामावरून कमी करावं.

"सही कर. रिटायर व्हायला दोन वर्सं राह्यलीत तुझी. कामून स्वतःचं वाटोळं करून घेतीस?"

नोकरी गेली तर मालनबाईला पोराच्या दारात हात पसरावा लागणार होता. तिनं कागद वाचला आणि सही न करता घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवला.

"हा बी पुरावाच हाय," ती म्हणाली. "चौकशी आता व्हायची हाय, साहेब. माया ताई आल्यात. पैला जबाब पौर्णिमाचा. तुमी बाहेर बसा."

"बाहेर? कुठं?"

"ष्टूल हाय की दारात. तुमची पाळी आली की बेल वाजविते."